तिसऱ्या पुलाखालचा पाइप

२ एप्रिल, बुधवार
स. सहाला खाली उतरलो. सहा फेऱ्या. पाचव्या फेरीत हाफ चड्डीतला एक तरुण गडी थांबवून विचारतो, "अंकल, पहले इधर क्या था?" म्हटलं, "मैं था." तो हसला. मी खरंच सांगत होतो. जिथं त्याने पाय ठेवून बुटाची नाडी बांधली, त्याच बाकाच्या जागी आमची पत्र्याची खोली होती. पावसाळ्यात धान्याचा डबा पलंगावर आणि आम्हीही पलंगावर. आता तिथं फरशी, दिवे, कडुलिंबाची रांग, व्यायामाची लोखंडी यंत्रं. आणि आम्ही मागच्या बिल्डिंगमध्ये, दुसरा मजला, चोवीस तास नळ. गॅलरीतून खाडीचं पाणी दिसतं. पूर्वीही दिसायचं, पण तेव्हा खिडकी लावून घ्यायचो.

रिक्षावाले आता खाडी म्हणत नाहीत, रिव्हरफ्रंट म्हणतात. बढती मिळाली तिला. रविवारी नदीपलीकडच्या श्रीमंत अडाजणकडचे लोक गाड्या घेऊन येतात, लोचो खातात, बगळ्यांचे फोटो काढतात. मला गंमत वाटते आणि अभिमानही वाटतो. का वाटू नये? शेवाळ खरवडलं महापालिकेने, पण वास आम्ही तीस वर्षं सोसला.

५ एप्रिल, शनिवार
संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग. अध्यक्ष तायडे, रेल्वेतून रिटायर, भुसावळचे. माणूस शिस्तीचा, मीटिंग सातला म्हणजे सातला. मुद्दा एकच. रिव्हरफ्रंटचा पुढचा टप्पा, म्हणजे पहिल्या पुलापासून वर बमरोलीच्या अंगाला, महिनाअखेर महापालिकेचे साहेब लोक बघायला येणार. पाणी स्वच्छ दिसलं तर काम पुढे सरकेल. लगेच तायडे म्हणाले, "पाण्याचं खातं मास्तरांकडे."

टाळ्या वाजल्या. मी नको म्हटलं नाही. पांडेसऱ्यात तेहतीस वर्षं कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये काढली, त्यातली वीस कलर मास्तर म्हणून. जुन्या ओळीतल्या बाया रोज सकाळी विचारायच्या, "मास्तर, आज काय?" मी दारातून खाडीकडे बघून सांगायचो. आज पोपटी, तिकडच्या प्रिंटवाल्यांचा. आज मोरपिशी, दोन नंबर गल्लीतल्या मिलचा. कधी चुकलो नाही. त्यांना खेळ वाटायचा. माझी तर ती भाकरी होती.

९ एप्रिल, बुधवार
आज खाडी राणी कलरची.
पहिल्यांदा तायडेंच्या सुनेने पाहिलं. सातपर्यंत सगळी बिल्डिंग कठड्याला. चार बोटांएवढे मासे पोट वर करून तरंगत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा वास आला, तोच जुना. गरम वाफेचा आणि हायड्रोचा. हायड्रो म्हणजे कापडावरचा जास्तीचा रंग काढायचं औषध, सडक्या अंड्यासारखा वास. मला चार पावलं अलीकडेच कळलं.

सगळे माझ्याकडे वळले. "मास्तर, कुणाचं?"
म्हटलं, दोन दिवस द्या, नावानिशी सांगतो. मिशीवर ताव मारून सांगितलं, खोटं का लिहू. पांढरा तामचिनीचा वाडगा आणि रिकाम्या बाटल्या काढून ठेवल्या आहेत. उद्या वर जायचं.

१० एप्रिल, गुरुवार
खाडीच्या कडेकडेने वर गेलो. पहिला पूल, पाणी गुलाबी. दुसरा पूल, गुलाबी. तिसऱ्या पुलाच्या वरच्या अंगाला पाणी साधं, मातकट. म्हणजे जे काही आहे ते तिसऱ्या पुलाखाली.

खाली वाकायची गरज नव्हती. तरी वाकलो. बाभळीमागून पाइप, तोंड ओलं. दगडावर फेस वाळलेला, त्याला कडेने फिकट केशरी रेघ.

राणी सगळेच बनवतात. पण माझ्या राणीत पिवळ्याची एक चिमूट असायची, म्हणजे ट्यूबलाइटखाली साडी जांभळट मारत नाही. फेस वाळला की कडेला अशी रेघ येते. दुसरा कुणी ती चिमूट टाकत नाही, महाग पडते म्हणतात. माझी मिल. माझी रेसिपी. आणि आज तिथं कलर मास्तर कोण, तर आमचे जावई किरणराव. मी रिटायर झालो तेव्हा शेठजींना मीच सांगितलं होतं, माणूस घरचा आहे.

परत आलो तर तायडे कठड्यापाशी उभे. "लागला पत्ता?"
"अजून बघतोय. पुलापलीकडून असेल." हात कुठं तरी हलवला.

तेहतीस वर्षांत रंगाच्या बाबतीत खोटं बोललो नव्हतो.

१२ एप्रिल, शनिवार
सौ. च्या नजरेतून काही सुटत नाही. ताट पुढं ठेवलं आणि समोर बसली. "काय व्हयनं? दोन दिनपाईन तुमी जेवतस का नुसतं गियतस, तेबी समजत नही."

सांगून टाकलं. ती ताटातल्या माझ्या भाकरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरना संसार शे तो. पानीनं काय? आज लाल, सकाय हिरवं. वाही जाई."

वाहून जाईल. मीही इतकी वर्षं हेच म्हणत होतो.

१३ एप्रिल, रविवार
बमरोलीला गेलो, किरणरावांच्या घरी. आमची लेक वैशू बाजारात गेली होती. बरंच झालं. जावयाला बोलायचं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोर ओढायचा. पण ओढायचाच होता.

त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. माणूस गुणी आहे, आवाज कधी चढवत नाही. मी सरळ विचारलं, तिसऱ्या पुलाखालच्या पाइपचा व्हाल्व कोण उघडतं?
"मी."
"का?"
"लग्नसराईचा लोड आहे, मामा. पाणी साफ करायची टाकी भरली की शेठ म्हणतात, सोड. नाही सोडलं तर मशीन थांबतं. मशीन थांबलं तर मी कशाला?"

मी म्हटलं, "मासे मेले, किरणराव. तिथं लोक राहतात. आम्ही राहतो."

ते खाली बघून कप पुसत होते. मग हळूच बोलले. चिडून नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. "मामा, व्हाल्व कुठं आहे ते मला तुम्हीच दाखवलंत. चार्ज दिला त्या दिवशी. म्हणालात, लोड आला की पहाटे पाचला खोलायचा, सहाला बंद. लोक उठायच्या आत."

म्हणालो होतो. पाइपही मीच टाकून घेतला होता. शेठने विचारलं, मास्तर, काही जुगाड? दोन रविवारी खोदून घेतलं, वर बाभूळ लावली. शाबासकी मिळाली. तेव्हा खाडी गटारच होती, कुणाला काय फरक पडणार होता? संध्याकाळी घरी येऊन त्याच पाण्याला मी शिव्या द्यायचो, महापालिकेच्या नावाने. बायकोपोरांसमोर.

चहा संपवला. निघताना ते रिक्षापर्यंत सोडायला आले, रिक्षावाल्याशी भाव त्यांनीच केला.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. मिरवणूक यंदा पहिल्यांदा खाडीकाठच्या नव्या रस्त्याने आली. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, दिव्यांच्या खांबांना माळा. तायडे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कडक इस्त्री. सरबताच्या पिंपापाशी मी ग्लास भरून देत होतो. ते म्हणाले, "या रस्त्याने मिरवणूक नेता येईल असं बापजन्मात वाटलं नव्हतं. पूर्वी इथून नाक दाबून पळायचो." मग हळू आवाजात, "महापालिकेला पत्र तयार करतोय, मास्तर. पहिली सही तुमची. साहेब लोक तुमचंच ऐकतील."

म्हटलं, करू. बाकी दिवस चांगला गेला. पोरांनी लेझीम छान खेळलं.

१७ एप्रिल, गुरुवार
पुन्हा. आज मोरपिशी. थोडंच, आठपर्यंत पुसट झालं. साहेब लोकांना दाखवायला फोटो मात्र सगळ्यांनी काढले.

१८ एप्रिल, शुक्रवार
माझ्या हलवलेल्या हाताचा प्रताप.

"पुलापलीकडून" म्हणालो होतो ना. पुलापलीकडे एक छोटा कारखाना आहे, पाच-सहा माणसं, कापड ब्लीच करून पांढरं करून देतात. आमच्या बिल्डिंगचे वीसेक जण काल संध्याकाळी तिथं जाऊन मोठमोठ्याने बोलून आले. म्हातारा मालक हात जोडून सांगत होता, "भाई, हम तो खाली सफेद करते हैं." कुणी ऐकलं नाही. पत्रात त्याचंच नाव घालायचं ठरलंय. तायडेंनी मसुदा दाखवला, हस्ताक्षर सुंदर.

जो फक्त पांढरं करतो तो राणी कुठून सोडेल? कलर खात्यातला नवशिका पोरगाही सांगेल. पण इथं सांगणारा मी एकटा, आणि मी गप्प. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मसुदा दोनदा वाचून परत दिला. "बघून सांगतो."
तायडेंनी चष्म्यावरून पाहिलं.

२० एप्रिल, रविवार
वैशू आली, आखाजीसाठी, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला. लेक माहेरी आली की घराचा आवाज बदलतो. पार्किंगमधल्या लोखंडी तुळईला झोका बांधून दिला. वॉचमन कुरकुरला, त्याला सणाच्या गोड सांजोरीचं आमिष दाखवलं. बिल्डिंगमधल्या पाच-सहा माहेरवाशिणी जमल्या, आखाजीची गाणी. वैशूला अर्धी येतात, उरलेलं ती गुजराती गरब्याच्या चालीवर दामटते.

दुपारी गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "यांनी सांगितलं मला."
मी खुर्ची तिच्याकडे वळवली.
"आप्पा, त्यांना झोप नाही. पहाटे चारलाच उठून बसतात. व्हाल्व उघडायचा असेल त्या दिवशीपण आणि नसेल त्या दिवशीपण."
"मग सोड म्हणावं ती मिल."
"तुम्ही सोडली होती?"
ती उठून आईला कैऱ्या चिरायला गेली.

२२ एप्रिल, मंगळवार
ठरलं. लोक म्हणतात मास्तर ठरवतो ते करतो, आता करायचं.

आधी वैशूला बसवून सांगितलं. पत्र द्यायचं. त्यात ब्लीचवाल्या म्हाताऱ्याचं नाव नाही. मिलचं नाव आणि माझं नाव. ती म्हणाली, "द्या. पण तुमचं नाव लिहून काय होणार? आज चावी कुणाकडे आहे ते विचारतीलच की. मी तिकडे कोणत्या तोंडाने जाऊ, ते पण पत्रात लिहा."
डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं वाटलं असतं मला.

सौ. स्वैपाकघरातून म्हणाली, "कुऱ्हाडना दांडा, गोतले काळ." रात्री दुधात साखर मात्र जास्त घातली होती.

२३ एप्रिल, बुधवार
तायडेंकडे गेलो. सगळं सांगितलं. पाइप, बाभूळ, पहाटे पाच. त्यांच्या समोर बसून पत्र लिहिलं. "सदर लाइन मी स्वतः त्या मिलमध्ये कलर मास्तर असताना टाकून घेतली. ती कुठून निघते व कुठे उघडते, हे मी जागेवर दाखवीन." मुद्दाम 'टाकण्यात आली' असं लिहिलं नाही.

तायडेंनी वाचलं. बोटाने कागदाची कड सरळ केली. म्हणाले, "माझी आई या पाण्यात भांडी विसळायची, मास्तर. दुसरं पाणी नव्हतं."
मी म्हटलं, "माहीत आहे."
"तिचे हात शेवटपर्यंत भेगाळलेले होते."
माझ्याकडून मान वर झाली नाही. ते उठले, कपाटातून शिक्का काढला, माझ्या सहीखाली सोसायटीचा शिक्का मारला. नीट, सरळ. चहा मात्र विचारला नाही. ते माझं येणं नव्हतंच.

२४ एप्रिल, गुरुवार
महापालिकेच्या ऑफिसात पत्र दिलं. खिडकीवरच्या बाईने वाचून वर पाहिलं. "ये आपने ही लिखा है?" म्हटलं, हो, वय झालंय पण अक्षर माझंच आहे. पोच घेतली.

तिथून ब्लीचवाल्या म्हाताऱ्याकडे गेलो. माफी मागायची सवय नाही, शब्द आडवेतिडवे आले. त्याने मध्येच थांबवून विचारलं, "आपके कलर का नाम था मार्केट में. राणी आपकी ही थी ना?" मला त्या क्षणी छान वाटलं, हे खरं आहे. कसा माणूस आहे मी.

किरणरावांना फोन लावला. उचलला नाही. मेसेज टाकला: पत्र दिले. नाव माझे. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

२७ एप्रिल, रविवार
तीन दिवस पाणी स्वच्छ. भीतीने की माणसं नाहीत म्हणून, कळत नाही. आखाजी आणि लग्नं म्हणून अर्धे कारागीर खान्देशात गेलेत, मिली अर्ध्यावर. खंड्या आज कठड्यावर बसला होता. फोटोवाल्यांची झुंबड.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरलीय. काही जण रामराम घालतात, काही जण फोनमध्ये बघतात. तिसऱ्या मजल्यावरची भोईबाई जिन्यात म्हणाली, "मास्तर, म्हणून तुम्हाला रोज रंग बरोबर कळायचा होय." टोमणा होता. बरोबर होता. मी मान डोलावली आणि तिच्या हातातली पिशवी वरपर्यंत नेऊन दिली. लाजून घरात बसणारा मी नाही. सहाला खाली, सहा फेऱ्या, रोजच्या.

३० एप्रिल, बुधवार
आखाजी. सकाळी पितरांची घागर भरली. नळाचं पाणी, वर आंबा, सांजोरी. बापाचं नाव घेतलं. पुरणपोळी, आमरस, कुरडया. जावयाचं ताट मांडलं होतं, पाट, भोवती रांगोळी. साडेबारा, एक, दीड.

पावणेदोनला वैशूच्या फोनवर मेसेज. "लोड आहे. जेवून घ्या."
अर्धे कारागीर गावी आणि म्हणे लोड. सौ. ने ते ताट उचललं नाही, झाकून ठेवलं. संध्याकाळी वैशूनेच ते जेवून घेतलं, थंड, उभ्याने.

तिचं परत जायचं उद्या ठरलं होतं. बॅग भरलेली नाही.

२ मे, शुक्रवार
दुपारी ऑफिसातून फोन आला. उद्या दहाला साहेब येणार, तिसऱ्या पुलावर. मी जागा दाखवायची. तायडे सोबत येतो म्हणाले. नऊ दिवसांनी स्वतःहून बोलले.

साडेपाचला किरणरावांचा फोन. माझ्याच मोबाइलवर.
"मामा, उद्या किती वाजता?"
"दहा."
मागे मशीनचा आवाज येत होता.
"पाइपचं तोंड तुम्ही दाखवाल. पण दुसरं टोक आत आहे. व्हाल्वच्या पेटीला कुलूप आहे. चावी माझ्याकडे."
"ठाऊक आहे."
"शेठ म्हणतात, आज रात्रीत पेटीवर काँक्रीट ओतून टाक."
मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"
ते म्हणाले, "वैशूला द्या फोन."

ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. काचेतून पाठ दिसत होती. बोलत कमी होती, ऐकत जास्त. सौ. तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच पुन्हा निवडत होती. वीस मिनिटं.

बाहेर आली. फोन माझ्या हातात दिला. ते काय म्हणाले ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "आप्पा, तुमचे गमबूट कुठं आहेत? बाभळीपाशी उतार आहे, पाय घसरतो."

मी म्हटलं, "तुला कसं ठाऊक?"

"लहानपणी रविवारी मीच यायची ना डबा घेऊन. तुम्ही खाली उभे राहून पाइप बसवून घेत होता. मी पुलावर होते. तुम्ही म्हणालात, थांब जरा, एवढं झालं की जेवू."

अठरा वर्षं तिला माहीत होतं. चार्ज देताना, तिचं लग्न ठरवताना, मीटिंगमध्ये टाळ्या घेताना मला वाटायचं, शेठ, किरणराव आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. आणि ही पोर त्याच खाडीकाठी माझ्या शिव्या ऐकत जेवत होती.

बूट माळ्यावर सापडले. तिने खाली बसून ते ओल्या फडक्याने पुसले. मी नको म्हणत होतो, पण तिने ऐकलं नाही. उद्या सकाळी साडेनऊला निघायचं. ती येते म्हणाली.